उतारावरच्या काठ्या

पूर्वी धवला नदीच्या काठी वेत्रपूर नावाच्या नगरात अरिंजय राजा राज्य करीत असताना बोधिसत्त्वाने नदीचा उतार दाखवणाऱ्या एका गरीब कुळात जन्म घेतला होता. त्याचे नाव सुतीर.

धवला ही मोठी मनस्वी नदी. पात्र एवढे रुंद की पैलतीरावरची गाय ऐलतीरावरून शेळीएवढी दिसे. पण पाणी उथळ, तळाशी सगळी वाळू. नाव घातली तर वाळूत रुतून बसे, म्हणून माणसे, गुरे, गाड्या सगळे पाण्यातून चालतच पार होत. कुठे पाणी गुडघाभर, तर तिथून दहा पावलांवर हत्ती बुडेल असा डोह. चालून जाता येईल अशी वाट, म्हणजे उतार, शोधून देणे हे सुतीरच्या घराण्याचे काम होते.

रोज सकाळी, इतर कोणी पाण्यात पाय घालण्याआधी, तो वेळूची लांब काठी घेऊन नदीत शिरे. काठी पुढे टेकवायची, वाळू धरते का पाहायचे आणि मगच पाऊल टाकायचे. जिथे वाळू घट्ट आणि पाणी बेताचे असे, तिथे तो बोरूची बारीक काठी रोवी आणि तिच्या शेंड्याला गवताची गाठ मारी. दिवसभर लोक त्या काठ्यांच्या कडेने ये-जा करीत. संध्याकाळी शेवटचा माणूस पार झाला की सुतीर पुन्हा पाण्यात उतरे आणि आपल्या सगळ्या काठ्या उपटून घरी नेई.

"अरे, चांगल्या रोवलेल्या काठ्या उपटतोस कशाला?" कोणी विचारी. "उद्या पुन्हा तोच खटाटोप!"

"उद्याची नदी मी अजून पाहिली नाही," सुतीर म्हणे.

आणि परगावच्या माणसाने "बाबा रे, उतार कुठं आहे?" असे विचारले की तो काठ्यांकडे बोट दाखवून एकच उत्तर देई, "सकाळी इथं होता." परगावचा माणूस हसे, गावचे लोक मुकाट्याने पार होत. सुतीरने दाखवलेल्या वाटेवर आजवर कोणी बुडाले नव्हते.

आता सुतीरला तिथेच पाण्यात उभा ठेवू आणि नगरात येऊ. कारण ही कथा जितकी त्याची आहे, तितकीच एका फार घाबरलेल्या माणसाची आहे, आणि तो माणूस राजवाड्याशेजारी राहत होता.

आचार्य वसुकेतू हा राजाच्या सभेतला पहिला पंडित. बारा वर्षे त्याने अरण्यात गुरूची सेवा केली होती. गुरू सांगतील ते त्याने कानांत साठवले, मनात घोळवले, आणि त्या विद्येच्या जोरावर किती सभा जिंकल्या त्याला गणती नव्हती. मग गुरूंचा अंतकाळ आला. वसुकेतू धावत गेला. गुरूंनी त्याला जवळ बसवले, त्याच्या हातावर हात ठेवला आणि म्हणाले, "वसुकेतू, मी तुला जे जे शिकवलं, त्यातलं एकही मला खात्रीनं ठाऊक नाही." एवढे बोलून त्यांनी डोळे मिटले. बोलताना त्यांचा चेहरा अगदी शांत होता, आणि वसुकेतूला नंतर वर्षानुवर्षे सर्वांत जास्त टोचले ते हेच. एवढे भयंकर सांगायचे आणि चेहरा असा ठेवायचा!

त्या दिवसापासून त्याच्या मनाला शंकेची कीड लागली. गुरूंनाच ठाऊक नाही, तर मला कुठून असणार? डोळ्यांवर विश्वास ठेवावा, तर काठी पाण्यात वाकडी दिसते. कानांवर ठेवावा, तर डोंगर आपलाच आवाज परत पाठवतो. विचारांवर ठेवावा, तर कालचा विचार आज खोटा ठरतो. ज्यावर निर्धास्त उभे राहावे अशी एक तरी गोष्ट जगात आहे का? राजाने विचारावे, "आचार्य, यज्ञ चैत्रात करावा की वैशाखात?" आणि याने म्हणावे, "सांगता येत नाही, महाराज." राजा भला होता. तो मान डोलवी आणि दुसऱ्याला विचारी.

घरात मात्र एवढे निभावत नव्हते. त्याची बायको भद्रिका पान वाढून विचारी, "भाजीत मीठ बरोबर आहे का?"

"जीभ म्हणते, बरोबर आहे," वसुकेतू सांगे. "पण तापात हीच जीभ गुळाला कडू म्हणाली होती."

"मग तापातल्या जिभेचं तेव्हाचं तेव्हा पाहू. मला आत्ताचं सांगा."

तो पुन्हा एक घास चाखून पाही. भद्रिका कपाळाला हात लावून आत जाई. वरवर हे हसण्यासारखे होते, पण वसुकेतूला हसू येत नव्हते. त्याला झोप लागत नव्हती, अन्न गोड लागत नव्हते. उघड्या डोळ्यांनी बुडणाऱ्या माणसासारखी त्याची स्थिती झाली होती, आणि हे तो कोणाला सांगू शकत नव्हता.

त्यांना एकच मुलगी होती, विशोका. मोठी समंजस आणि तितकीच स्पष्ट बोलणारी. तिच्यासाठी तीन स्थळे आली आणि तिन्ही वसुकेतूने परत पाठवली. पहिला मुलगा सुशील होता, पण कोणी पाहत नसताना तो सुशील असतो का? दुसऱ्याचे घराणे चांगले होते, पण चांगले घराणे पुढेही चांगले राहील कशावरून? तिसऱ्याला नाकारण्याचे कारण त्याला स्वतःलाच धड सांगता आले नाही. मग चौथे स्थळ आले, पैलतीरावरच्या कुशग्रामातल्या वैद्याचा मुलगा अनघ. त्याला विशोकेने मामाच्या घरी पाहिले होते, दोन शब्द बोललीही होती. वसुकेतू पुन्हा विचारात पडलेला पाहून ती बापासमोर येऊन उभी राहिली.

"बाबा, तुमची खात्री पटेपर्यंत मी म्हातारी होईन," ती म्हणाली. "एवढी एकच गोष्ट मला खात्रीनं ठाऊक आहे."

हे बोलणे त्याच्या काळजात रुतले. मुलीवर त्याचा जीव होता, आणि आपल्या भीतीपायी तिचे आयुष्य अडकून पडले आहे हे त्याला दिसत होते. त्याने मनाशी ठरवले : जावयाच्या मनातले मला कळणार नाही, मुलीच्या नशिबातले कळणार नाही. पण निदान ती ज्या वाटेने सासरी जाईल, ती वाट तरी पक्की असावी. एवढे एक मिळाले तर मी होकार देईन.

माघ महिना होता. तो नदीवर गेला. सुतीर गुडघाभर पाण्यात उभा राहून काठीला गवत बांधत होता.

"सुतीरा, वैशाखात माझ्या मुलीची पाठवणी करायचा विचार आहे. त्या दिवशी उतार कुठं असेल?"

"त्या दिवशी सकाळी सांगेन, आचार्य."

"आत्ता सांग."

"आत्ता मला आजचा ठाऊक आहे," सुतीर नम्रपणे म्हणाला. "तोही सकाळचा."

वसुकेतू खूप दिवसांनी रागावला. ज्या शंकेने आपले रक्त आटवले, ती हा मनुष्य खुशाल खांद्यावर टाकून फिरतो आणि वर नीट जेवतो, झोपतो! तो तडक राजाकडे गेला. म्हणाला, "महाराज, नगराचा मुख्य रस्ता एका उतार दाखवणाऱ्याच्या 'सकाळी इथं होता' वर चालला आहे. हे शोभत नाही. आपण उतार मोजून पक्का करू आणि दगडाचे खांब उभारू."

वसुकेतू ठामपणे काहीतरी बोलतो आहे, याचेच राजाला इतके बरे वाटले की त्याने लगेच आज्ञा दिली.

तीस दिवस पंडितांनी उतार मोजला. दोरी धरली, खुणा केल्या, नोंदी ठेवल्या. तीसही दिवस उतार एकाच जागी निघाला. वसुकेतूने स्वतः एकेक नोंद तपासली आणि गुरू गेल्यापासूनच्या सात वर्षांत पहिल्यांदा त्याच्या तोंडून "निश्चित" हा शब्द बाहेर पडला. मग पात्रात एका ओळीने बारा दगडी खांब उभे राहिले. प्रत्येकाच्या बुंध्याशी दगड रचले आणि पहिल्या खांबावर कोरले : हा उतार निश्चित आहे.

राजाने सुतीरला बोलावून घेतले. "सुतीरा, तुझ्या काठ्या आता सुटल्या. तू खांबांचा राखणदार हो. तीरावर घर देतो, मागं मळा देतो, पिढ्यान् पिढ्या खा. रोज सकाळी लोकांना एवढंच सांगायचं, की उतार निश्चित आहे."

सुतीरने हात जोडले. "महाराज, घर चांगलं आहे. पण ते वाक्य मला बोलता येत नाही."

सभेत हशा पिकला. वसुकेतू हसला नाही. "का येत नाही?" त्याने विचारले.

"आचार्य, मी बोरूची एवढीशी काठी रोवतो, तरी संध्याकाळपर्यंत तिच्या खालच्या अंगाला पाणी वीतभर खळगा करतं. एवढ्या थोरल्या दगडाभोवती ते काय करील, मला ठाऊक नाही. खांब असू देत. पण रोज उतरून पाहायला हवं."

"ठाऊक नाही, तर बोलू नये," वसुकेतू म्हणाला. 'ठाऊक नाही' हे शब्द त्याला फार ओळखीचे होते.

तेव्हा सुतीरला घर मिळाले नाही, मळा मिळाला नाही, आणि लोकांच्या मनात उगाच शंका नको म्हणून काठ्या रोवण्याचीही बंदी झाली. त्याने एवढेच मागितले, की सकाळी नदीतून रिकामे चालायची मुभा असावी. रिकामे चालण्याला कोण कशाला हरकत घेईल? राजाने ती दिली. सुतीर रोज चालत राहिला. आता कोणी विचारत नसे आणि कोणी पाहत नसे, तरी त्याची एक सकाळ चुकली नाही.

इकडे वसुकेतूचा जीव भांड्यात पडला. तो जेवू लागला, घोरू लागला. लग्नाचा मुहूर्त ठरला. रोज तीरावर जाऊन तो त्या बारा खांबांकडे पाही आणि त्याला वाटे, आपण शेवटी पाय टेकण्यापुरती जागा मिळवली.

नदीत मात्र हळूहळू वेगळेच घडत होते. खांबांच्या कडेने चालणारा एखादा माणूस एकदम कमरेएवढ्या पाण्यात जाई, दचके, बाजूला होई आणि स्वतःशीच म्हणे, मीच वाकडा चाललो असेन. दगड कसा चुकेल? घरी जाऊन तो हे कोणाला सांगतही नसे, कारण राजाच्या खांबाजवळ आपल्याला नीट चालता आले नाही हे सांगायची लाज वाटे. सुतीरने खांबांवर नेमलेल्या पहारेकऱ्याला तीनदा सांगितले. पहारेकऱ्याने तीनदा खांबावरची अक्षरे वाचून दाखवली.

वैशाखात अनघाचे वऱ्हाड खांबांच्या कडेने सुखरूप पार होऊन आले. लग्नाच्या दोन दिवस आधी वर डोंगरात कुठेतरी वळीव कोसळला. धवलेचे पाणी हातभर चढले आणि मातकट झाले. दोन दिवस कोणी नदी ओलांडली नाही, कारण सगळे नगर मांडवात होते.

लग्न लागले. दुसऱ्या दिवशी सकाळी पाठवणीची गाडी जुंपली जात असताना सुतीर मांडवाच्या दाराशी आला. तो छातीपर्यंत भिजला होता. वसुकेतू बाहेर आला.

"आचार्य, खांबांच्या कडेनं गाडी घालू नका. पाचव्या आणि सहाव्याच्या मध्ये माझी काठी तळाला पोचली नाही. प्रवाहाच्या वरच्या अंगाला, चाळीस पावलांवर, तिरपी वाट आहे. पाणी मांडीला लागेल, पण वाळू धरते."

"तुला खात्री आहे?" वसुकेतूने विचारले.

सुतीरला इथे "हो" म्हणता आले असते. मुलीचा जीव वाचवायचा, तर कोणीही म्हणाला असता. पण त्याने आयुष्यभर जे पाहिले तेवढेच सांगितले होते, आणि आज एक शब्द जास्त सांगितला तर उद्यापासून त्याच्या सांगण्याला काही अर्थ उरला नसता. तो म्हणाला, "सकाळी तिथं होती. आता पुन्हा उतरल्याशिवाय सांगता येणार नाही."

"मग ज्याची खात्री नाही, त्यासाठी मी ज्याची खात्री आहे ते सोडू?" वसुकेतू म्हणाला. त्याने पाठ फिरवली.

गाडी निघाली. आत विशोका, तिच्या शेजारी पैलतीरापर्यंत पोचवायला म्हणून भद्रिका. गाडीमागे अनघ आणि वऱ्हाडी चालत होते. वसुकेतू स्वतः बैलांच्या पुढे होता. मुलीला पैलतीरावर आपण पोचवायचे, असे त्याने ठरवले होते. तीरावर आल्यावर त्याने पाहिले, सहावा खांब किंचित कलल्यासारखा दिसत होता. तो क्षणभर थांबला. मग त्याने मनाला समजावले : डोळे फसवतात. पाण्यात काठी वाकडी दिसते, तसा खांब कललेला दिसत असेल. ज्या शंकेने त्याला सात वर्षे काहीही मानू दिले नव्हते, तिच्याच मदतीने तो आता दगड खरा धरून आपले डोळे खोटे पाडत होता.

गाडी पाण्यात उतरली. पहिला खांब गेला, दुसरा गेला, तिसरा गेला. तेवढ्यात सुतीर मागून भराभर पाणी कापत आला आणि बैलांच्या पुढे झाला. त्याने वाद घातला नाही, हाका मारल्या नाहीत. तो नुसता खांबांच्या कडेने, जिथून गाडी जाणार होती अगदी तिथून, पुढे चालू लागला. पाचव्या खांबापाशी पाणी त्याच्या कमरेला लागले. मग त्याने आणखी एक पाऊल टाकले, आणि तो दिसेनासा झाला. हातातली लांब काठी तेवढी वीतभर वर राहिली, मग तीही गेली.

भद्रिका किंचाळली. गाडीवानाने कासरे खेचले. बैल फुरफुरत थांबले, आणि वसुकेतू चौथ्या खांबापाशी जागच्या जागी उभा राहिला.

त्याला एकदम सगळे दिसले. ज्या जागेवर तो दोन महिने निर्धास्त झोपला, तिथे त्याच्या मुलीची गाडी उलथली असती. आणि जो मनुष्य त्या खड्ड्यात गेला, त्याला त्यानेच सकाळी दारातून परत पाठवले होते.

थोड्या अंतरावर, प्रवाहाच्या खालच्या बाजूला, सुतीरचे डोके वर आले. अनघाने पोहत जाऊन त्याला धरले आणि गाडीच्या मागच्या कडेवर आणून बसवले. खांबाच्या बुंध्याशी रचलेल्या दगडांत अडकून त्याचा घोटा मुरगळला होता. काठी त्याने सोडली नव्हती. त्याने पाण्याची चूळ टाकली आणि सर्वांत आधी गाडीच्या चाकांकडे पाहिले.

"थांबू नका," तो म्हणाला. "उभ्या चाकाखालची वाळू जाते. गाडी रुतेल."

खरेच, डावे चाक आत बसू लागले होते. मागे वळवायला जागा नव्हती. गाडीवान रडवेला झाला. "आचार्य, कुठं हाकू?"

कुठे? वसुकेतूला वाटले, आपल्या आयुष्यातला सगळा प्रश्न एवढाच होता, आणि तो अशा जागी विचारला जायचा होता. सुतीरने काठी त्याच्यापुढे धरली.

"मला उभं राहता येत नाही. तुम्ही पुढं व्हा. वरच्या अंगाला, तिरपं."

"आता तिथं उतार असेल?" वसुकेतूच्या तोंडून सवयीने निघाले.

सुतीर त्याच्याकडे पाहून हसला. त्या हसण्यात टोमणा नव्हता. "काठी टेकवा, आचार्य. वाळू धरते का पाहा. मग पाय टाका. मलासुद्धा यापुढचं काही येत नाही."

वसुकेतूने काठी घेतली. त्याने ती पुढे टेकवली. वाळूने धरली. त्याने पाऊल टाकले, आणि पाऊल टिकले. पुन्हा टेकवली. या वेळी काठी आत गेली, तशी त्याने ती काढून हातभर उजवीकडे टेकवली. तिथे धरली. त्याने पाऊल टाकले. मागे बैल एक पाऊल आले.

"बाबा," विशोकेने गाडीतून हाक मारली. तिचा आवाज बारीक झाला होता. "पुढं काय आहे?"

"ठाऊक नाही, बाळ," तो म्हणाला. "पण इथं वाळू घट्ट आहे. ये."

'ठाऊक नाही' हे शब्द त्याने सात वर्षांत हजारदा उच्चारले होते आणि दर वेळी तो तिथेच अडून बसला होता. आज ते सहज निघाले आणि पाऊल पुढे पडले. पाणी मांडीपर्यंत आले, कमरेला लागले. त्याने काठी डावीकडे टेकवली, मग उजवीकडे. पाणी पुन्हा मांडीवर आले, मग गुडघ्यावर. तो चुकत होता, चूक काठीला आधी कळत होती, आणि तो वाट बदलत होता. एवढेच चालले होते, आणि एवढ्यानेच गाडी पुढे सरकत होती.

मध्येच केव्हातरी त्याला गुरूंचा तो शांत चेहरा आठवला, आणि त्याला इतके स्पष्ट कळले की तो पाण्यातच थबकला. गुरूंची संध्याकाळ झाली होती. जाण्याआधी त्यांनी आपल्या काठ्या उपटून घेतल्या होत्या, शिष्याने कालच्या काठ्यांवर भिस्त ठेवून उद्याच्या नदीत उतरू नये म्हणून. त्यांनी त्याला बुडवले नव्हते. त्यांनी त्याच्या हाती काठी दिली होती, आणि तो ती न घेता सात वर्षे रिकाम्या हातांनी रडत बसला होता.

"आचार्य, चाकं!" मागून सुतीर ओरडला.

"हो, हो," म्हणत वसुकेतूने डोळे पुसले आणि काठी पुढे टेकवली.

बैल पैलतीराच्या चढाला लागले, तेव्हा वऱ्हाडी मोठ्याने ओरडले. भद्रिका गाडीतून उतरून तिथेच वाळूत बसली आणि हसू लागली, मग रडू लागली, मग पुन्हा हसू लागली. विशोका बापाच्या गळ्यात पडली. वसुकेतू तिला सोडून सुतीरपाशी गेला आणि सर्वांसमोर त्याच्या सुजलेल्या पायाला हात लावला. सुतीर ओशाळून पाय मागे घेऊ लागला, पण दुखत असल्यामुळे त्याला तो घेता आला नाही.

राजाने हे ऐकले आणि खांब काढवले. दगड जड होते. उभारायला लागले होते त्याच्या दुप्पट दिवस काढायला लागले. सुतीरला राजाने पुन्हा घर आणि मळा देऊ केला, या वेळी एकही वाक्य बोलण्याची अट न घालता. सुतीर म्हणाला, घर आहे ते पुरते, काठ्यांसाठी लागणारे बोरूचे बन तेवढे तोडू नये. घोटा बरा होईपर्यंत महिनाभर सकाळची पाहणी कोणी केली, असे विचाराल, तर आचार्य वसुकेतूने केली. त्याच्या काठ्या जरा वाकड्या असत, पण संध्याकाळी तो एकूण एक काठी मोजून उपटी. परगावच्या माणसाने विचारले, की तो मोठ्या आनंदाने सांगे, "सकाळी इथं होता."

घरी भद्रिकेने पान वाढून विचारले, "भाजीत मीठ बरोबर आहे का?" वसुकेतूने घास घेतला, नीट चावला आणि म्हणाला, "आज बरोबर आहे." भद्रिकेने आणखी थोडी भाजी वाढली.

पुढे बुद्धपदाला पोचलेल्या शास्त्यांनी ही कथा विहारात सांगितली, ती निग्रह नावाच्या एका तरुण भिक्षूसाठी. तो भिक्षू म्हणत असे, "मार्ग शेवटपर्यंत खरा आहे अशी खात्री पटल्याशिवाय मी पहिले पाऊल टाकणार नाही," आणि पावसाळा संपत आला तरी तो दारातच बसून होता. कथा सांगून शास्ते म्हणाले, "त्या वेळचा वसुकेतू तो हा निग्रह. विशोका ती आता उपासिका मधुला, जी रोज विहारात भिक्षा घेऊन येते आणि याला 'आज तरी उठलात का?' असे विचारते. अरिंजय राजा म्हणजे तिचाच भला यजमान. अंतकाळी आपल्या काठ्या काढून घेणारे गुरू म्हणजे आपले वृद्ध स्थविर उपशांत, जे काल झाडलेले अंगण आज पुन्हा झाडतात. आणि उतार दाखवणारा सुतीर तो मीच."

सगळे भिक्षू निग्रहाकडे पाहू लागले. त्याचे कान लाल झाले, मग त्याला हसू आले, आणि पावसाळाभर आखडून बसलेले त्याचे खांदे सैल झाले. तो उठला, उपशांत स्थविरांच्या हातातली केरसुणी घेतली आणि त्याने दारापासून झाडायला सुरुवात केली.

जे पाहिले तेवढेच सांगणे, जे पाहिले नाही ते पाहिले नाही म्हणणे, आणि तरीही माणसांना पार नेण्यासाठी रोज पाण्यात उतरणे, ही बोधिसत्त्वाची प्रज्ञापारमिता, म्हणजे प्रज्ञेची परिपूर्णता होय.